रोख्याची कूपनं वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रेल्वे कंपनीचा जुना रोखा (कर्ज घेताना दिलेला छापील कागद) हाती आला की इंजिनाच्या चित्राआधी कूपनं बघायची, ही सवय तुम्ही आम्हाला लावलीत. त्यासाठी मनापासून आभार.

हजार डॉलरचा, पाच टक्क्यांचा, पन्नास वर्षं मुदतीचा रोखा म्हणजे सहामाही २५ डॉलरची १०० कूपनं. तारीख येईल तसं एकेक कापून व्याज उचलायचं. जिथे कात्री थांबली, तिथे बहुधा पैसेही थांबले. 'बहुधा' हेही तुमचंच. रोख्यावर विश्वस्ताचा, म्हणजे धनकोंच्या वतीने रोखा खरा असल्याचं प्रमाणित करणाऱ्याचा, दाखला असतो; त्यावर सही नसेल, तर तो रोखा बाजारात गेलाच नव्हता. मग सगळी कूपनं शाबूत असणारच.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोची रिओ ग्रँड सदर्न रेल्वे तुम्ही समजावलीत तेव्हा हे पक्कं बसलं. ऑटो मिअर्सने १८९१मध्ये पुरी केलेली ही लाइन रिजवेहून टेल्युराइड, रिको करत ड्युरँगोला जायची, सुमारे १६२ मैल. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तीन फुटी, कारण डोंगरात वळणं आवळून घेता येतात आणि सुरुंग कमी लागतात. भिस्त मात्र चांदीच्या खाणींच्या मालावर. १८९३मध्ये चांदी कोसळली, सरकारी खरेदी बंद झाली आणि त्याच वर्षी कंपनी रिसीव्हरच्या (कर्जबाजारी कंपनी चालवायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात गेली. तरीही ती तग धरून राहिली. १९३१पासून तर मोटारींच्या बॉड्या रुळांवर चढवून टपाल नेलं!

नवख्यांना आम्ही तुमचा इशारा सगळ्यात आधी सांगतो: रोख्यावर 'सोन्याच्या नाण्यांत फेड' असं छापलेलं असलं, तरी जून १९३३च्या अमेरिकी काँग्रेसच्या ठरावाने ते कलम निकामी झालं. बुडालेल्या कंपनीच्या कागदाची किंमत सोन्याच्या हिशेबाने कोटींत सांगणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

दहापट भिंगाखाली उजेड तिरका टाकला की पोलादी प्लेटवरून छापलेल्या रेघांचा उठाव दिसतो. ऑफसेटच्या नकलेत नुसते ठिपके. सहीवरचं रद्द केल्याचं भोक चालतं, चित्रावर पडलं असेल तर भाव उतरतो. आणि लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यांना सक्त मनाई.

पीव्हीसीच्या पिशव्यांतून सुटणारं रसायन शाई चिकटवतं, हे कळल्यापासून आम्ही रोखे पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवतोय. घड्यांवर विरलेल्या कूपनांच्या पट्ट्यांना पाठीमागे आम्लरहित कागदाचा आधार देतोय. पावसाळ्याआधी सगळे बदलून होतील.

आपले,
पुण्यातले संग्राहक