नाताळच्या स्टेजसाठी आभार

यंदा चर्चमधलं नाताळचं स्टेज पाहून अनेकांनी विचारलं, "डेकोरेशनवाल्याने किती घेतले?" डेकोरेशनवाला नव्हताच! महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीला २०१८पासून बंदी, म्हणून भंगारवाल्या काकांनी खोक्यांचे पुठ्ठे दिले, तेही फुकट. एका ताईंनी पत्र्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून कंदील केले. आत आधी पाणी गोठवलं, त्यामुळे पत्रा चेपला नाही. एलईडी पट्टीचं लांबचं टोक मंद पेटत होतं. उपासनेला कधीही न येणाऱ्या एका वायरमन दादांनी १२ व्होल्टचा पुरवठा दोन्ही टोकांना जोडला आणि उजेड एकसारखा झाला. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी! नावं सांगू नका म्हणालात, म्हणून सांगत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. आणि शिडी कुणाची आहे? मागच्या व्हरांड्यात ठेवलीय, घेऊन जा.