निळा मॅगपाय बघायला निघालेल्या मित्रास

पुणे,
14 डिसेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत श्रीलंकेला जायचं पक्कं केलंस आणि त्यातले तीन दिवस सिंहराजाच्या जंगलासाठी राखून ठेवलेस, हे फार चांगलं केलंस. बहुतेक जण कँडी, चहाचे मळे आणि समुद्रकिनारा उरकून जंगलाला एक सकाळ देतात आणि मग पाऊस पडला म्हणून हळहळतात. निळा मॅगपाय नक्की दिसावा म्हणून काय करायचं, असं विचारलं आहेस. आधी एवढंच सांगतो, की मॅगपायच्या मागे जाऊ नकोस. तो ज्या थव्याबरोबर हिंडतो तो थवा ओळखायला शीक. पत्राचा बराच भाग त्यावरच खर्च करणार आहे.

पक्षी कावळ्याच्या कुळातला, आपल्या टकाचोराचा भाऊबंद. लांबी साधारण 42 ते 47 सेंटिमीटर, त्यात शेपटीचा वाटा मोठा. डोकं, गळा आणि उडायची पिसं गडद तांबूस-तपकिरी, बाकी सगळं अंग निळं. चोच लाल, पाय लाल आणि डोळ्याभोवती उघड्या कातडीचं लाल कडं. शेपटीची पिसं एकाखाली एक आखूड होत गेलेली आणि प्रत्येकाचं टोक पांढरं. पक्षी डोक्यावरच्या फांदीवर असला की निळा रंग जवळजवळ दिसतच नाही, खालून फक्त त्या पांढऱ्या टोकांच्या पायऱ्या दिसतात. ओळखायला तेवढ्या पुरतात. नर-मादी सारखेच. पिल्लांचा रंग मात्र फिका, पोटाकडे राखाडी आणि डोळ्याभोवतीचं कडं अजून लाल न झालेलं.

तुला आंबोली आणि तांबडी सुर्ल चांगली ठाऊक आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कर्णा (ट्रोगन) आणि फ्रॉगमाउथ हे दोन पक्षी आपल्याकडेही आहेत आणि सिंहराजातही आहेत. सह्याद्री आणि श्रीलंकेचा ओला नैर्ऋत्य भाग यांचं नातं तसं जुनं. निळ्या मॅगपायचे जवळचे नातलग मात्र सह्याद्रीत कुठेच नाहीत. ते थेट हिमालयात, लाल चोचीचा आणि पिवळ्या चोचीचा असे दोन, आणि मग तिकडे पूर्वेला तैवानपर्यंत. मधल्या सगळ्या दक्षिण भारतात या गटातला एकही पक्षी नाही. श्रीलंकेतसुद्धा तो ओल्या भागातल्या सदाहरित जंगलातच, पायथ्यापासून साधारण 2,100 मीटर उंचीपर्यंत. उत्तरेकडच्या कोरड्या सपाटीत तो उतरत नाही. पंख आखूड, उड्डाण जड. उघड्यावरून लांब उडत जाणं त्याला जमण्यासारखं नाही. फांद्यांवरून उड्या मारत, वेलींना लोंबकळत तो पुढे सरकतो. म्हणून दोन जंगलांच्या मध्ये चहाचा मोठा मळा आला, की त्याच्या दृष्टीने ती जंगलं तुटली.

आता जागा. किटुलगला आणि हॉर्टन प्लेन्सलाही तो आहे, पण तीनच दिवस हाताशी असतील तर सिंहराजाच पकड. तिथेही कुडावाच्या बाजूने शीर. कोलंबोहून आधी कलवाना गाव, तिथून कुडावा. शेवटचा रस्ता खराब आहे, म्हणून मुक्काम कुडावातच कर. कलवानाहून रोज ये-जा केलीस तर पहाटेचा वेळ रस्त्यातच जाईल. दक्षिणेकडून देनियायाच्या बाजूनेही आत जाता येतं आणि तिकडचं जंगल सुंदर आहे, पण कुडावाला एक रुंद, सपाट वाट मिळते आणि पक्षी बघणाऱ्याला तीच हवी असते. ही वाट कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला प्लायवूडसाठी इथे यंत्रांनी झाडं तोडायला घेतली. लाकूड नेणाऱ्या ट्रकांसाठी हा रस्ता पाडला. लोकांनी जोराचा विरोध केला आणि दशक संपायच्या आत तोड थांबली. 1988 मध्ये सिंहराजा जागतिक वारसास्थळ झालं. तोडीचा रस्ता तसाच राहिला, त्याच्या दोन्ही कडांनी जंगल परत वाढलं, आणि आज थवा रस्ता ओलांडताना दिसतो तो त्या उघड्या पट्ट्यामुळेच.

फेब्रुवारी हा महिना बरोबर निवडला आहेस. जानेवारी ते मार्च त्यातल्या त्यात कोरडे. वर्षाला साडेतीन ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी कोरडे म्हणजे किती ते तू समजून घे. दुपारनंतर एक सर येणारच असं धरून चाल. शिवाय विणीचा मुख्य हंगामही याच सुमाराचा, त्यामुळे पक्षी बोलके असतात. कुडावाच्या कचेरीत तिकीट काढायचं, वनखात्याचा वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेव की आपल्याला धबधबा किंवा शिखर नको, आपण थव्यांसाठी आलो आहोत. ‘कॅहिबेल्ला’ हे मॅगपायचं सिंहली नाव घेतलंस की त्याला पक्षी कळेल. नाहीतर तो तुला मौलावेल्ला शिखराच्या चढावर घेऊन जाईल आणि सकाळचे सोन्यासारखे तास दम खाण्यात जातील.

आता थव्याविषयी. सिंहराजात वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र टोळी करून चरतात. तसं आपल्याकडेही होतं, पण इथल्यासारखं मोठं आणि बांधलेलं नाही. कोलंबो विद्यापीठाच्या सरथ कोटगमांनी 1980 च्या दशकात या थव्यांचा अभ्यास सुरू केला, पुढे एबेन गुडेल हे संशोधक त्यांच्याबरोबर आले. त्यांच्या नोंदींप्रमाणे एका थव्यात सरासरी 11-12 जाती आणि चाळीसेक पक्षी असतात. थव्याचा कणा दोनच जातींचा. पहिले नारिंगी चोचीचे सातभाई. यांची संख्या सगळ्यांत जास्त आणि तोंड कधी बंद नसतं. दुसरा श्रीलंकेचा तुरेवाला कोतवाल, संख्येने दोन-तीनच, पण पहारा त्याचा. बहुतेक सगळ्या थव्यांत हे दोघे असतात. बाकीचे सगळे यांच्या भरवशावर येतात-जातात, आणि मॅगपायही त्यांतलाच.

म्हणून कान आधी, डोळे नंतर. वाटेवर पन्नास-साठ पावलं चालायचं, थांबायचं, दोन मिनिटं ऐकायचं. झाडीतून सातभाईंची अखंड चिवचिव-किचकिच ऐकू आली आणि तिच्यावरून कोतवालाची धातूवर ठोकल्यासारखी घणघणीत शीळ आली, की थवा आहे असं समज. मग तिकडे धावायचं नाही. आवाज कुठून कुठे सरकतो आहे ते आधी ठरव, आणि तो जिथे वाट ओलांडेल असं वाटतं तिथे पुढे जाऊन उभा राहा. आवाजाच्या मागोमाग गेलास तर नेहमी शेपटाकडचेच पक्षी दिसतील, तेही पाठमोरे. थवा सावकाश चरत असेल तर तुझ्यासमोरून जायला पाऊण तासही लागेल, घाईत असेल तर पाच मिनिटांत सगळं आटोपेल.

वाट ओलांडताना नजर एकाच पक्ष्यावर खिळवून ठेवू नकोस. खाली जमिनीलगत राखी डोक्याचे लाफिंगथ्रश पालापाचोळा उलटत जातात. कंबरेपासून दोन पुरुष उंचीपर्यंत सातभाई. त्यांच्या जरा मागे, आडव्या फांदीवर न हलता बसलेला कर्णा. वर शेंड्याला कोकिळेच्या कुळातला लाल तोंडाचा मालकोहा, तोही फक्त श्रीलंकेतलाच, आणि अंगाने एवढा मोठा असून पानांत असा मिसळतो की हलल्याशिवाय दिसत नाही. मॅगपाय मधल्या आणि वरच्या मजल्यावर असतात, एकटे क्वचितच, बहुतेक वेळा जोडीने किंवा पाच-सहाच्या टोळीने. त्यांच्या आवाजाचे प्रकार बरेच: एक खुळखुळा वाजवल्यासारखा, एक घोगरा करकराट, एक स्वच्छ लांब शीळ. शेवाळ धरलेल्या फांद्या, सालीच्या भेगा, वाळून लोंबणाऱ्या पानांच्या गुंडाळ्या असं सगळं ते चोचीने उसकटतात. कीटक, सुरवंट, छोटे बेडूक, सरडे, जोडीला फळं. केसाळ सुरवंट सापडला तर तो फांदीवर घासघासून त्याचे केस काढलेले दिसतील. वरून शेवाळाचे तुकडे किंवा वाळकी पानं गळायला लागली, की दुर्बीण तिकडे लाव.

एक गोष्ट हटकून फसवते. कोतवाल नकला करतो. शिकारी पक्ष्याचा आवाज काढतो, दुसऱ्यांच्या धोक्याच्या हाकाही काढतो, आणि गुडेल-कोटगमांनी दाखवून दिलं आहे की धोक्याचे आवाज तो धोक्याच्याच वेळी काढतो. मॅगपायसुद्धा नकला करतो. तेव्हा नुसत्या आवाजावर वहीत नोंद करू नकोस. आणि सगळा गलका एकदम थांबला, तर थवा गेला असं समजून पाऊल उचलू नकोस. ससाणा किंवा शिक्रा जवळपास असला की सगळे जागच्या जागी थिजतात. पाच मिनिटं तूही थिजून राहा. आधी कोतवाल बोलेल, मग बाकीचे.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावायचा मोह होईल, एखादा वाटाड्याही सुचवेल. त्याला तिथल्या तिथे नाही म्हण. हंगाम विणीचा आहे. छोट्या झाडावर काटक्यांचं घरटं, आत दगडफुलासारख्या मऊ तंतूंचं अस्तर, तीन ते पाच ठिपकेदार अंडी, आणि आईबापांखेरीज टोळीतले इतर पक्षीही पिल्लांना भरवायला हातभार लावतात. खोट्या शत्रूच्या आवाजाने ही सगळी टोळी घरट्यापासून हलली, तर अंडी उघडी पडतात.

दुसरा मोह मुक्कामाच्या ठिकाणी. जंगलाच्या कडेच्या काही निवासांवर मॅगपाय अगदी अंगणात येतात, कारण त्यांना पाव-भात घालायची सवय लावलेली असते. तिथे फोटो झकास मिळतो हे खरं. पण तू पाव टाकू नकोस आणि दुसऱ्याला टाकू देऊ नकोस. मॅगपाय इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लंही खातो. आयत्या खाण्यामुळे तो एका जागी घुटमळायला लागला, की त्या परिसरातल्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांची धडगत नाही. आणि ज्या चोचीने शेवाळ उसकटायचं ती पावाच्या तुकड्यावर बघणं मला तरी सहन होत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. आतला उजेड फार कमी. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) 3200 ला घाबरू नकोस, 6400 लाही नको. शटर 1/250 च्या खाली नेलंस तर पक्षी हलतो आणि फोटो जातो. पांढऱ्या आभाळावर पक्षी बसला तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव, नाहीतर डोकं आणि पंख काळे पडतील. सावलीत निळा रंग जांभळट येतो, म्हणून रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढ आणि घरी दुरुस्त कर. दुर्बीण 8 बाय 42 (8 पटीची, 42 मिलिमीटर भिंगाची) ने. 10 पटीची या उजेडात आणि इतक्या जवळच्या पक्ष्यांना उपयोगाची नाही. रात्री दुर्बीण आणि कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवलेस तर सकाळी काचांवर बाष्प धरेल आणि पहिला अर्धा तास पुसण्यात जाईल.

जळवा. आंबोलीच्या पावसाळ्याची तुला सवय आहे, पण इथे त्या बारा महिने असतात. घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे शिवून घे, विजार त्यांच्या आत खोचायची आणि वरून नाडी बांधायची. लोकरीच्या किंवा सैल विणीच्या मोज्यांतून त्या आत शिरतात. बुटांवर आणि मोज्यांवर कोरडा साबण रगड, सर आली की पुन्हा रगड. चिकटलीच तर ओढू नकोस, मीठ किंवा पेटती काडी लावू नकोस. निमुळत्या टोकाखालून नख सरकवलंस की सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहत राहतं, तिच्या लाळेने ते गोठत नाही. जागा धुऊन दाबून धर. जळवांपेक्षा खरी काळजी पाचोळ्यात बसणाऱ्या उंच नाकाच्या चापड्या या विषारी सापाची घ्यायची. आकाराने लहान, रंगाने हुबेहूब वाळक्या पानासारखा. फोटोसाठी गुडघा टेकण्याआधी जमीन बघ आणि वाट सोडून आत जाऊ नकोस.

सवड झाली तर वाटाड्याला सेरेंदिब स्कॉप्स घुबडाबद्दलही विचार. पक्षितज्ज्ञ दीपाल वरकागोडांनी त्याचा आवाज 1995 मध्ये किटुलगलाला ऐकला, पक्षी प्रत्यक्ष दिसला 2001 मध्ये सिंहराजात, आणि 2004 मध्ये शास्त्राला नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. दिवसा तो दाट बांबूत किंवा नेच्यांत, माणसाच्या उंचीच्या आसपास बसतो. बसलेला सापडला तर दोन मिनिटं बघून निघ, फ्लॅश अजिबात नको.

मॅगपायचं नाव धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. आधी कॉफीने डोंगरावरचं जंगल खाल्लं, 1869 नंतर तांबेरा पडून कॉफी बसली तर तिची जागा चहाने घेतली, आणि खालच्या टेकड्यांवरही छोट्या बागायती अजून वरवर सरकत आहेत. कलवानाच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना हेच दिसेल. तो रस्ता झोपून काढू नकोस. सिंहराजाच्या कडेने लावलेले पाइनचे पट्टेही दिसतील. ते जंगलाची हद्द राखायला 1980 च्या आगेमागे लावले गेले. पुढे त्यांच्या सावलीत स्थानिक झाडं वाढवून पाहिली, ती बऱ्यापैकी धरली. त्या पट्ट्याच्या आत वळलास की नागकेशर आणि डून ही उंच झाडं सुरू होतात, तिथून पुढे कान उघडे ठेव.

तिकिटं झाली की तारखा कळव. माझी 8 बाय 42 रिकामीच आहे, जानेवारीअखेर येऊन घेऊन जा, आणि जळूमोज्यांचा नमुना त्याच पिशवीत ठेवतो, त्यावरून शिंप्याकडून दोन जोड शिवून घे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश