पोट हलतंय म्हणून जवळ जाऊ नका

महोदय,

नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बिबट किंवा रानमांजर गाडीखाली आलं की बघ्यांची गर्दी जमते. ‘पोट हलतंय, उठंल थोड्या वेळानं,’ असं कोणीतरी म्हणतंच. श्वासपटल (श्वास घेताना पोट हलवणारा स्नायूचा पडदा) छाती आणि पोटाच्या मध्ये असलं, तरी त्याला हलवणाऱ्या दोन्ही फ्रेनिक नसा मानेतून निघतात. मांजरात मुख्यतः पाचव्या-सहाव्या मानेच्या नसांपासून, माणसात तिसऱ्या ते पाचव्या. पुढे त्या हृदयाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. म्हणून कंबरेत कणा मोडून मागचे पाय लुळे पडले, तरी श्वास चालूच राहतो. आणि पुढचे पंजेही चालतात! मोबाईल घेऊन वाकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. उलट, मानेत या नसांच्या मुळांच्या वर मज्जारज्जू तुटला, तर अंगावर जखम न दिसताही श्वास थांबतो. धडकेनं श्वासपटल फाटून आतडी छातीत शिरणं हेही मांजरांत नेहमीचं. अशा जनावराला पाय धरून रस्त्याकडेला ओढू नये. वनविभागाला १९२६ वर कळवावं आणि लांब उभं राहावं.

– एक पशुवैद्यक, ता. देवरी, जि. गोंदिया