शेवटच्या पानावर ज्यांचं नाव कधी आलं नाही, त्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव छापायचं नाही असं तुम्ही निक्षून बजावलंत, म्हणून नुसतंच 'काका' लिहिते. विट्याच्या आसपास ज्यांच्या घरी आबांचं साप्ताहिक यायचं, ते ओळखतीलच.

साप्ताहिकाचा इतिहास लिहायला घेतला आणि माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले, तर निम्म्या अंकांचं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं. तारीख नाही, अंक क्रमांक नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून चालवलेल्या 'दीनमित्र'वर अभ्यासकांनी लिहिलंय. आमच्या खानापूर तालुक्यातल्या चार पानी अंकाची नोंद कोण ठेवणार? मी सगळं परत बांधून ठेवणार होते. तेवढ्यात, ज्यांनी या अंकांचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, हातानं जुळवली ते तुम्ही आलात आणि आठ दिवस आमच्या ओसरीवर बसलात.

घरात सगळे सांगायचे, साप्ताहिक चीनच्या लढाईच्या साली, म्हणजे १९६२ ला सुरू झालं. तुम्ही एका फाटक्या अंकाचं शेवटचं पान उलटलंत आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलंत: 'जि. दक्षिण सातारा'. १९४९ ला झालेल्या त्या जिल्ह्याचं नाव १९६० साली सांगली झालं. "मग हा अंक बासष्टचा कसा असेल, पोरी?" एवढंच म्हणालात. माझं अख्खं पहिलं प्रकरण मी नव्यानं लिहिलं.

टपालाची वेष्टनंही तुम्हीच ओळखलीत. आपल्या भागातली गलाई माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, आणि आबांचे निम्मे वर्गणीदार तेच. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, जत्रा कधी, कोण वारलं, हे त्यांना परमुलखात आठवड्यानं कळायचं. पत्ते तुमच्या हातचे. पिनकोड आला १९७२ च्या १५ ऑगस्टला. म्हणून पिनकोड नसलेली वेष्टनं तुम्ही वेगळी काढलीत आणि त्यांत गुंडाळलेले अंक आपोआप मागच्या काळात जाऊन बसले.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती अर्ध्या 'ष'साठी. दुष्काळातल्या अंकांत मथळ्यांमध्ये अचानक 'दुष्काळ' जाऊन 'टंचाई' येते. मी लिहून टाकलं होतं की आबा सरकारी जाहिरातींच्या धाकानं शब्द मवाळ करत गेले. कच्चा मजकूर वाचून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "मोठ्या टायपात अर्धे ष तीनच होते. एक फरशीच्या फटीत गेला, दुसऱ्याचा कान तुटला. राहिलेल्या एकावर किती मथळे काढणार? आबांनीच सांगितलं, टंचाई जुळव." आणि तुम्ही तुटक्या कानाचा तो 'ष' सलग तीन अंकांत मला दाखवलात. भिंगाखाली पाहिलं तेव्हा मला रडू आलं. आबांवर केवढा आळ मी छापून मोकळी झाले असते.

तुम्ही समोर बसून अंक उलटाच वाचायचात, हेही मला आठवत राहील. गॅलीतली, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायच्या तबकातली, अक्षरं उलटी वाचण्यात आयुष्य गेलं, आता सरळ धरायची गरज वाटत नाही म्हणालात. खिळ्याची खाच अंगठ्याला लागली की अक्षर नीट बसलं, हे सांगताना तुमचा अंगठा रिकाम्या हवेत खाच शोधत होता. गुरुवारी रात्री कंदिलाच्या उजेडात पायानं ट्रेडल मारून शुक्रवारी पहाटे गठ्ठा टपालात टाकणारा माणूस मी याआधी 'छापखान्यातले काका' म्हणूनच ओळखत होते. मला माफ करा.

छापलेल्या अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव असलं पाहिजे, हे १८६७ च्या कायद्यापासून चालत आलंय. जुळवणाऱ्याचं नाव कायद्याला लागत नाही. म्हणून इतक्या वर्षांच्या अंकांत आबांचं नाव दर आठवड्याला आहे आणि तुमचं एकदाही नाही. पुस्तकात तरी ते येऊ द्या, काका. शेवटच्या पानावर, 'खिळे जुळणी' या शब्दांपुढे मी जागा मोकळी सोडली आहे. प्रूफ घेऊन रविवारी येते. नाव तुम्हीच तुमच्या हातानं लिहा, तोवर मी छपाईला देणार नाही.

तुमची,
आबांची नात