थर्मोस्टॅट काढून गाडी थंड होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात वाहनांची काळजी कशी घ्यावी, याविषयीचा आपल्या अंकातला मजकूर वाचला. बाकीचे सल्ले ठीक आहेत. पण ‘गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकावा, पाणी मोकळं फिरतं’ हे वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं पाणी तापलं की त्याला रेडिएटरकडे, म्हणजे पाणी निववणाऱ्या जाळीकडे, सोडणारी झडप. याच सल्ल्यापायी माझ्या पिकअपचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, लेथवर जाऊन आलंय.

माझी गाडी डिझेल. माल म्हणजे बहुतेक चारा आणि भुसा. रिकामी असली की तापमानाचा काटा निम्म्यावर, उभी करून तासभर चालू ठेवली तरी निम्म्यावरच. भरलेली गाडी घाटाला लागली की मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणापासून काटा चढायला लागायचा आणि माथ्यावर पोचेपर्यंत लाल पट्टीला टेकायचा. मिस्त्रीला मी ‘गाडी हीट होते’ एवढंच सांगितलं. कधी होते, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चूक दोघांची, भोगलं मी एकट्यानं.

आता कळतं, निम्मं निदान त्या ‘कधी’मध्येच असतं. गर्दीत, उभ्या गाडीत तापते आणि रस्ता मोकळा झाला की निवते, तर आधी फॅन बघायचा: त्याची मोटर, ती चालू करणारा रिले, नाहीतर फॅनला इंजिनाशी जोडणारा क्लच. माझ्यासारखं उलटं असेल, म्हणजे उभी थंड आणि ओझ्याखाली गरम, तर रेडिएटर पुरेशी उष्णता टाकत नाहीये. जाळी आतून क्षारानं किंवा बाहेरून कचऱ्यानं बुजली असेल, पंप पाणी कमी फेकत असेल, नाहीतर खालचा पाइप रेस दिल्यावर आत ओढला जाऊन चपटा होत असेल. गार इंजिन सुरू करून थोड्याच वेळात काटा वर जातोय आणि रेडिएटर मात्र गारच आहे, अशा वेळी थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा किंवा हवा अडकली आहे का बघावं. खाली थेंबही सांडत नाही तरी पाणी रोज कमी होतं, ही खूण मला सगळ्यात नकोशी वाटते. तिथे हेड गॅसकेटपर्यंत, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या सीलपर्यंत, जावं लागू शकतं.

यातलं काहीच न बघता आमच्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढला आणि माझ्या हातात ठेवला. वर 82 आकडा, म्हणजे तो किती अंशांना उघडतो ते, कोरलेलं होतं. मी तो डॅशबोर्डच्या खणात टाकला. पंधरा दिवस मी खूश होतो. सपाट रस्त्यावर काटा वर यायलाच तयार नाही! इंजिन गारठलेलं चालतंय, डिझेल जास्त पितंय, हे तेव्हा लक्षात आलं नाही. मग भरलेली गाडी घेऊन घाटाला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर काटा वर. म्हणजे पूर्वीपेक्षाही आधी.

त्याचं कारण नंतर समजलं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीनं बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. गरम पाण्यातलं काही रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं.

त्या दिवशी माथा जवळ आला आणि काटा एकदम खाली पडला. मी म्हटलं, सुटलो! आणि गाडी तशीच दामटली. प्रत्यक्षात पाणी उकळून बाहेर गेलं होतं. सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं, तो मोजणार काय? पुढच्या चढावर गाडीची ओढ संपली आणि ती बंद पडली.

दुसऱ्या मिस्त्रीनं आधी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. मग एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत वरून बॅटरीचा झोत टाकला आणि मला बोलावून म्हणाला, ‘बघा, काय दिसतंय?’ समोरून जाळी स्वच्छ दिसायची, मी ती दर आठवड्याला धूत होतो. पण फटीत भुसा, धूळ आणि तेलकट मळ यांचा थर बसला होता, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा. रेडिएटर सोडवल्यावर तो बोटानं अख्खाच्या अख्खा सोलून निघाला. नंतर त्यानं इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, साध्या नळीनं जाळी धुतली. प्रेशरच्या पाण्यानं पत्र्या वाकतात म्हणे.

मग खणातला थर्मोस्टॅट मागितला. दोरीला बांधून, बुडाला टेकू न देता गरम पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. ऐंशीच्या वर गेल्यावर तो हळूच उघडला आणि बाहेर काढल्यावर मिटला. बिचारा निर्दोष होता. हेडवर पट्टी आडवी धरून फीलर गेज घातली, तर मधल्या दोन सिलिंडरांच्या मधल्या जागी 0.15 मिलिमीटरची पात आरपार गेली, म्हणजे हेड वाकलं होतं. लेथवर हेड सपाट करणं (फेसिंग), नवी गॅसकेट, ताजं कुलंट आणि तोच जुना थर्मोस्टॅट. आता भरलेल्या गाडीनं घाट चढताना काटा निम्म्याच्या जरासा वर जातो, माथ्यावर परत येतो.

आपल्या मजकुरात आणखी एक वाक्य आहे: ‘ताबडतोब झाकण उघडून थंड पाणी ओतावं.’ कृपा करून हे मागे घ्या. माझ्या रेडिएटरच्या झाकणावर 0.9 लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार जास्त दाब ते आत धरून ठेवतं. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होऊन ती तोंडावर येते. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती वेगळीच. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवू द्या. घाई असली तरी अर्धा तास जाऊ द्या. दुरुस्ती छापताना जागा कमी पडली तर माझी भुशाची कहाणी गाळली तरी चालेल, झाकणाचं तेवढं ठेवा.

आपला,
एक पिकअपचालक