ट्रिकसीनयुक्त

पेडणे, रविवार रात्र

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. बरंच झालं, कारण उरलेलं अर्धं पहिल्यापेक्षा वाईट होतं. 'खुळेपणा' हा शब्द मी मागे घेतो. तू मागितलेल्या ₹१,८०० चा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे : त्या ड्रॅगनच्या सिनेमाच्या पहिल्या दिवशीच्या पहिल्या शोचं तिकीट, ड्रॅगनच्या डोक्याच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली, आणि वर तो काळा टी-शर्ट. आई म्हणाली, "पोरीशी फोनवर भांडू नका, लिहा. लिहिताना तुम्ही निदान खोडता तरी." म्हणून लिहितोय.

आज दुपारी प्रेसमध्ये जत्रेच्या दशावतारी नाटकाचं हँडबिल जुळवत होतो. मंडळाचे सेक्रेटरी खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसलेले. मी नाटकाचं नाव मोठं घेतलं. ते म्हणाले, "हे बारीक करा. 'ट्रिकसीनयुक्त' मोठं घ्या." घेतलं. "आणखी." आणखी घेतलं. शेवटी पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत तो एकच शब्द असा पसरला, की नाटकाचं नाव त्याच्या काखेत मारल्यासारखं दिसायला लागलं. मी विचारलं, "पण ट्रिकसीन नेमका कसला आहे?" म्हणाले, "ते कंपनी बघेल. आपण लिहून ठेवायचं."

तेव्हा हे लक्षात घे, की तुझ्या सिनेमाच्या जाहिरातीवर बोलणारा माणूस काही साधुसंत नाही. वीस वर्षं मी हाच शब्द मोठा करून देतोय. राक्षस, शाप, अदृश्य होणारा राजा, जळणारा भस्मासुर हा सगळा माल मला माहीत आहे, आणि तो कोणत्या वयाच्या गिऱ्हाइकाला हमखास लागू पडतो तेही. मी स्वतः चौदा वर्षांचा असताना जाहिरातीच्या जीपमागून धावत हँडबिलं गोळा करायचो. वाचण्यापेक्षा कुणाकडे किती झाली ते मोजायला.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती पैशांची नाही. ती पोस्टर चिकटवण्याची आहे.

आजोबांच्या वेळी प्रेसमध्ये पोस्टर लावायला दोन मुलगे होते. संध्याकाळी मागच्या चुलीवर मैद्याची खळ शिजायची. तिच्यात थोडा मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. रात्री दहानंतर सायकलच्या एका हँडलला खळीचा डबा, दुसऱ्याला झाडूचा कापलेला बुडखा, कॅरियरला पोस्टरांची गुंडाळी. बसस्टँड, तिठा, सोसायटीची भिंत, बाजाराची कमान. भिंतीवर खळ, तिच्यावर कागद, कागदावर पुन्हा खळ, की सुकल्यावर चुरगळत नाही. कुत्री मागे लागायची, कुणी घरमालक शिव्या घालायचा. सकाळी दोघांच्या नखांत खळ सुकलेली असायची. आजोबा त्यांना दर पोस्टरमागे पैसे द्यायचे, वर चहा आणि मिरचीभजी. आजोबा चिकट होते, पण फुकटात पोस्टर लावून घ्यायचं त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही.

आता तुझा फोन बघ. अकरा दिवस तुझ्या फोटोच्या जागी सिनेमातल्या त्या वायू घराण्याचं चिन्ह आहे. रोज सकाळी 'आणखी इतके दिवस' असं स्टेटस. ट्रेलर आला त्या रात्री तू तो सात जणींना पाठवलास (आईलाही पाठवलास, म्हणून मला माहीत). भिंत तुझी, खळ तुझी, सायकल तुझी. भजी कुठे आहेत?

हे आपोआप घडत नाही. कुणीतरी खुर्ची ओढून बसून ते ठरवलेलं असतं. 'द हंगर गेम्स' हा रिंगणात लढणाऱ्या पोरांचा सिनेमा २३ मार्च २०१२ ला अमेरिकेत लागला. त्याला शंभर दिवस उरले असताना लायन्सगेट कंपनीने एक पोस्टर शंभर तुकड्यांत कापलं. शंभर वेबसाइटना एकेक तुकडा दिला आणि तो ट्विटरवर टाकायला लावला. पोरांनी ते शोधायचे, जोडायचे आणि एकमेकांना विचारायचं, तुला कुठला मिळाला? आख्खं पोस्टर दिलं असतं तर पोरांनी एकदा बघून सोडून दिलं असतं. तुकडे दिले म्हणून ते हातोहात फिरलं. शिवाय त्या कथेतल्या जिल्ह्याचं ओळखपत्र नेटवर काढून मिळत होतं, आणि लाखो पोरांनी ते काढलं. जाहिरातींत रिंगणातली मारामारी मुद्दाम झाकून ठेवली : ती बघायची तर तिकीट काढा. पहिल्या तीन दिवसांत अमेरिका-कॅनडात १५ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला. धंद्यातला माणूस म्हणून मी टोपी काढतो. आमच्या सेक्रेटरींना हे सांगितलं तर पुढच्या वर्षी ते हँडबिल फाडून वाटतील.

याच कथेचा पुढचा प्रकार मला जास्त झोंबला. तिच्यात कॅपिटॉल नावाचं एक माजलेलं शहर आहे. नटूनथटून बसायचं आणि गरीब जिल्ह्यांतली पोरं एकमेकांना मारताना बघायची, हा त्याचा करमणुकीचा कार्यक्रम. २०१३ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा कव्हरगर्ल या मेकअपच्या कंपनीने कशाच्या नावाने लिपस्टिक आणि आयशॅडो बाजारात आणले असतील? कॅपिटॉलच्या. कथा म्हणते यांच्यासारखे होऊ नका, आणि काउंटरवरची बाई म्हणते, यांच्यासारख्या दिसा, सूट चालू आहे. लेखिकेला काय वाटलं असेल कोण जाणे.

आता तुझ्या सिनेमाच्या कंपनीची ती क्विझ. 'तू कोणत्या घराण्यातली?' दहा प्रश्न. भीती कशाची वाटते, रात्री किती वाजता झोप लागते, मैत्रीण चुकली तर काय करशील. शेवटी फोन नंबर आणि जन्मतारीख. अठराच्या आतल्यांना घेत नव्हते म्हणून तू जन्मवर्ष बदलून स्वतःला एकोणीस वर्षांची केलंस आणि हसत आईला सांगितलंस. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला त्यात मनाई आहे. दिल्लीत कुणीतरी डोकं खाजवून तुझ्यासाठी कुंपण घातलं, आणि तू वर्ष बदलून त्यावरून उडी मारलीस. बरं, उडी मारून पोचलीस कुठे, तर वायू घराण्यात.

प्रमाणपत्राचंही तसंच. पोस्टरच्या कोपऱ्यात 'यूए १३+' दिसलं म्हणजे तो सिनेमा तेरावर्षीयांना झेपतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे यूएच्या ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या २०२४ पासून झाल्या. अमेरिकेत तेराची पायरी १९८४ पासूनच आहे. पण जाहिरात काही पायऱ्या बघून चढत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००० साली कंपन्यांचे कागद तपासले, तेव्हा हिंसेमुळे मोठ्यांचं प्रमाणपत्र मिळालेल्या ४४ सिनेमांपैकी ३५ सिनेमांच्या जाहिरातीचा रोख सतराखालच्या मुलांवर निघाला. चार सिनेमांतले तीन धर, त्याहून जास्तच.

आणि ती व्हिडिओत खोकी उघडणारी मुलगी, जिला तू 'दीदी' म्हणतेस. तिच्या घरी ड्रॅगनचं खोकं येतं, ती किंचाळते, तुम्ही किंचाळता. आपल्याकडच्या जाहिरातदारांच्या परिषदेने २०२१ पासून नियम केलाय, की अशी वस्तू फुकट मिळाली असली तरी तसं व्हिडिओवर दिसेल असं लिहायचं. ते लिहिलेलं कुठे आहे, बघ एकदा. आमच्या हँडबिलाखाली प्रेसचं नाव बारीक का होईना, असतं.

पण या धंद्यातली खरी कारागिरी वाट बघायला लावण्यात आहे. 'स्टार वॉर्स' १९७७ च्या मे महिन्यात आला आणि एवढा चालला, की बाहुल्या बनवणारी केनर कंपनी नाताळपर्यंत बाहुल्या तयारच करू शकली नाही. मग तिने काय विकलं? पुठ्ठ्याचं पाकीट. आत बाहुल्या उभ्या करायचं चित्राचं स्टँड, थोडे स्टिकर आणि एक प्रमाणपत्र : हे पोस्टाने पाठवा, चार बाहुल्या नंतर येतील. नाताळच्या सकाळी पोरांनी रिकामं स्टँड मांडून ठेवलं आणि त्याकडे बघत बसली. मला त्या पोरांची कीव येत नाही, हे खरं सांगतो. असं रिकामं स्टँड मांडून बसण्यात मजा असते. जत्रेच्या रात्री पडदा उघडायच्या आधी नुसती पेटी वाजत असते, तेव्हा असते तशी.

तूही एकदा बसली होतीस. 'बाहुबली'चा पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. पावणेदोन वर्षं आख्खा देश एकच प्रश्न विचारत होता. तू तेव्हा पहिलीत-दुसरीत. चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना काका शिडीवर, हातात कांगलां, आणि तू खालून ओरडतेस, "काका, कटप्पाने बाहुबलीला का मारलं?" काका दचकले, सुपारीचा घोस आजीच्या डोक्यावर. तो प्रश्न पेडण्यात पोचवायला कंपनीला एक पैसा लागला नाही. तू होतीस ना. आता तर पहिल्या भागापासूनच 'भाग पहिला' असं मनात धरून सिनेमे काढतात. नरकासुरसुद्धा आपल्याकडे दर दिवाळीला परत येतो म्हणा, पण पोरं तो स्वतःच्या हातांनी बांधतात आणि पहाटे जाळून मोकळी होतात. त्याच्या बादल्या कुणी विकत नाही. अजून तरी.

इथवर लिहून मी आईला वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "तुम्हाला एक माहीत नाही. अकरावीच्या त्या वर्गात पहिला महिनाभर पोर एकटीच डबा खायची. त्या क्विझमध्ये पाच जणींचं घराणं एक निघालं, तेव्हा कुठे त्या एका बाकावर बसायला लागल्या."

मी गप्प झालो. हे तू मला सांगितलं नव्हतंस, आणि मी विचारलंही नव्हतं. ताळगावला आत्याकडे पाठवलं, कॉलेज चांगलं आहे, कदंबची बस दारातून जाते, एवढ्यावर मी निश्चिंत. सोळाव्या वर्षी नव्या गावात माणूस आपलं घराणं शोधत असतो. हे त्या कंपनीला माझ्याआधी कळलं, याचं वाईट वाटतंय. रागही तिचाच आला होता बहुतेक, तो तुझ्यावर निघाला.

तेव्हा त्या चौघी तुझ्या. क्विझने फक्त बाक दाखवला, बसलात तुम्ही. सिनेमा पडला, कंपनीने चिन्ह बदललं, तरी डबा एकत्र खायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांना जत्रेला घेऊन ये. शनिवारी रात्री पालखी झाली की नाटक उभं राहील, म्हणजे साडेबारा-एक धर. आजी खाजं आणून ठेवणार आहे. झोपायला माळ्यावर जागा आहे, कुणी झोपलंच तर.

आत्याच्या खात्यावर ₹७०० टाकलेत. त्यात तिकीट, जाणं-येणं आणि साधे पॉपकॉर्न होतील. बादली मी देणार नाही. ती घरात आली की आई तिच्यात कांदे ठेवील आणि तुम्हा दोघींचं भांडण माझ्यावर येईल. टी-शर्टचं मात्र असं कर : त्या चिन्हासारखं नाही, तुमचं पाच जणींचं स्वतःचं काहीतरी कागदावर काढून पाठव. प्रेसमध्ये गेल्या वर्षीपासून शर्टावर छापायचं यंत्र आहे, नुसतं बसून असतं. पाच छापतो. त्यावर कुणाची जाहिरात करायची ते तुम्ही ठरवा.

फोटोच्या जागी ते चिन्ह हवं तितके दिवस ठेव. फक्त ती जन्मतारीख जमली तर तिथून काढून टाक. आणि सिनेमा कसा होता ते मला फोन करून सांग, शेवट सांगितलास तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. हे पाकिटात घालतोय तोवर सेक्रेटरींचा फोन आला. 'ट्रिकसीनयुक्त'च्या आधी 'भव्य' टाकायला सांगितलंय. टाकलं. एक हँडबिल सोबत ठेवतोय. वर्गात लावायचं असेल तर दर मिळेल, दोन भजी.