सिस्टर, त्या चादरीबद्दल

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "लिहू नका, बदलीच्या वेळी लोक त्याचंही काढतात," असं तुम्हीच हसत म्हणाला होतात. ओळख म्हणून एवढंच सांगतो की मे महिन्यात ज्याचा सतरा वर्षांचा पोट्टा तुमच्या खाटेवर "अजून दोन राऊंड राहिले, सर" असं बडबडत होता, तो टेलर मी.

अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते आणि पोलीस भरतीचा सराव जोरात चालला होता. दुपारी चार वाजता, वऱ्हाडातल्या मेच्या उन्हात १६०० मीटर. सर निंबाच्या सावलीत शिट्टी घेऊन. पोरांनी पाणी मागितलं की ठरलेलं उत्तर, "भरतीत पाणी पाजणार आहे का कोणी?" पोरगा पडला तेव्हा तोंडावर दोन ओंजळी मारल्या आणि दोन पोरांच्या मधे मोटारसायकलवर बसवून माझ्या दारात आणून टाकला. फी मात्र तीन महिन्यांची आगाऊ घेतली होती.

माझंही सांगतो, नाहीतर खोटं होईल. तो थरथरत होता म्हणून मी त्याला गोधडी पांघरली. कांदा फोडून नाकाला लावला. मग जवळच्या खासगी दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी काखेत थर्मामीटर लावला, १०१ निघाला. "घाम येतोय ना? मग ऊन लागलं नाही. ऊन लागलं की अंग कोरडं पडते." तापाची गोळी दिली आणि घरी न्या म्हणाले. पोरगा मला 'सर' म्हणत होता, तर ते हसले. भरतीचं वेड म्हणाले. वीस मिनिटं गेली तिथे, आणि तीनशे रुपये. तीनशेचं दुःख नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "१०१ आहे." तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याच्यावर वाकून विचारलंत, "नाव काय रे बाळा?" मी नाव सांगितलं. "तुम्ही नका सांगू." मग वार विचारला, मी पुन्हा तोंड उघडलं, तर तुम्ही नुसता हात वर केला. त्याने नाव बरोबर सांगितलं. वाराच्या जागी ते राऊंड आले. तुमचा चेहरा बदललेला मी पाहिला. ज्यावर एक माणूस हसला होता, त्याच वाक्याने तुम्ही उठून धावपळ सुरू केलीत.

वॉर्ड गच्च भरलेला. आमच्याच गल्लीतली चार माणसं माझ्या मागे, शेजारच्या खाटेची बाईमाणसं माना उंचावून. खाटेला पडदा नाही. तुम्ही चादर ओढून माझ्या हातात दिलीत. "दोन्ही हातांनी धरा. पाठ इकडे, तोंड लोकांकडे. हलायचं नाही."

माझं आयुष्य कापड धरण्यात गेलं सिस्टर, पण असं कधी धरलं नव्हतं.

मला दिसत काही नव्हतं. ऐकू येत होतं. "टी-शर्ट कापते हं." मग कात्रीचा आवाज, तो माझ्या ओळखीचा. पोलिस्टर कापलं जात होतं. "पँट काढते." "काखेतला आकडा खरा नसतो, खालून मोजावा लागेल. मिनिटभरच. कोणी बघत नाही, बाबा चादर धरून उभे आहेत."

कोणी बघत नाही, बाबा चादर धरून उभे आहेत. हे तुम्ही तीनदा म्हणालात. मी मोजलं.

आकडा १०५.८ होता.

पुढचं सगळं भराभर झालं, ते डॉक्टरांना माहीत. ओली कापडं, पंखा, समोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी. लादी फोडून मानेला, काखेत, जांघेत. त्या रसवंतीवाल्याने ऐन सीझनमध्ये धंद्याचा बर्फ दिला आणि पैसे विचारले तर म्हणाला, "पोट्टा पाह्यना आधी." त्याचेही आभार इथेच मानतो. एकशे आठची गाडी दारात उभी, आणि तुम्ही सोडेनात. मी चादरीआडून ओरडलो, शिव्याही दिल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आधी गार, मग गाडी." १०२ च्या खाली उतरल्यावरच सोडलंत. त्या शिव्यांची माफी मागायला हे पत्र उशिराचं आहे.

अकोल्याला सहा दिवस काढले. लघवी काळ्या चहासारखी झाली होती, हे तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून तिथे आल्या आल्या किडनीकडे लक्ष गेलं. पळून पळून ऊन लागलं की घाम येतच राहू शकतो, हेही मला तिथे कळलं. १०१ चा कागद मी जपून ठेवलाय. कधीतरी त्या दवाखान्यात जाऊन टेबलावर ठेवीन म्हणतो. अजून गेलो नाही.

आणखी एक. गाडीत घालण्याआधी, तो जरा भानावर आल्यावर, तुम्ही मला बाहेर काढलंत. आत काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. "जे लागते ते चिठ्ठीत लिहिलंय. पोराला रागावू नका," बस. पंधरा दिवसांनी तो आपणहून बोलला. दोन दिवस जुलाब लागले होते, सर्दीच्या गोळ्या चालू होत्या, रात्रीपासून पोटात अन्न नव्हतं. फी भरली आहे, बाबा चिडतील, म्हणून घरी सांगितलं नाही. बापाला न सांगितलेली गोष्ट त्याने चार मिनिटांत तुम्हाला सांगितली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात नुसती उन्हात बसलेली १४ माणसं गेली. तेव्हा मी मशीनवर बसून म्हणालो होतो, मुंबईकडच्या लोकांना ऊन सोसत नाही. आपल्याकडे ऊन सोसण्याचीच फुशारकी. माणुसकीचं कोणी फारसं सांगत नाही. ती मोठ्या गोष्टीत असते असं मला वाटायचं, दान, पंगत, रक्तदान शिबिर. भान नसलेल्या पोराला "कापते हं" म्हणून विचारणं हे त्यात कधी धरलं नव्हतं. त्याला त्या दुपारचं, भानावर येण्याआधीचं काहीच आठवत नाही, सिस्टर. मैदान नाही, बर्फ नाही, तुमचं बोलणंही नाही. मला आठवते.

तो आता पहाटे पळतो, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, बाटली घेऊन. सर बदलले.

त्या खाटेला अजून पडदा नाही, परवा औषधाला आलो तेव्हा पाहिलं. हिरवं जाड सुती कापड घेऊन ठेवलंय, आटणार नाही असं, दोनदा धुऊन. वरच्या नळीची लांबी आणि जमिनीपासूनची उंची पाहिजे. मोठ्या साहेबांना तुम्ही विचारून ठेवा. सोमवारी दुपारी दुकान बंद असते, तेव्हा टेप घेऊन येतो.